मालकीणबाई बसत नसत

आमच्या मालकीणबाईंना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. अगदीच नाही असं नाही, रिक्षा-एसटीतलं सोडलं तर एकदा पाहिलंय, पण ते पुढे सांगेन. एरवी बाई उभ्या. न्हाणीघराच्या दाराशी उभ्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या, वाण्याच्या दुकानाअलीकडे जो विजेचा खांब आहे त्याच्या आडही उभ्या. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या त्या गल्लीत मी नवी राहायला आले तेव्हा मला वाटलं, बाईंचे गुडघे धरत असणार, बसलं की उठवत नसेल. मग वाटलं, भाडेकरूवर नजर ठेवतात. ही दुसरी शंका जास्त दिवस टिकली, कारण मी स्वभावाने संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मी मूळची सांगलीकडची. खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, तिथली भाडी परवडेनात, म्हणून कुणीतरी सुचवलेल्या या घराची वरची खोली बघायला आले होते. बाईंनी खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली आणि म्हणाल्या, "बाकी मना काय नाय. तू शेठला आवडली पायजेस."

शेठ म्हणजे गळ्यात सोन्याचा गोफ घातलेले मालक असणार, अशी मी मनाची तयारी केली. आतून आला तो तिशीचा, कानशिलाशी केस पिकायला लागलेला, हाफ पँट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घातलेला माणूस. तो माझ्यासमोर बसला आणि माझी मुलाखत सुरू झाली.

"टीवी हाय?"

"नाही."

"गारी?"

गाडीही नव्हती.

"मंग काय हाय तुज्याकरं?"

"पुस्तकं आहेत."

शेठने बराच विचार केला. मग आईकडे बघून म्हणाला, "येव दे." अशी मला खोली मिळाली. डिपॉझिटचं बोलणं नंतर झालं आणि तेही उरकल्यासारखं झालं.

शेठ हा बाईंचा एकुलता एक मुलगा. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी. डॉक्टरी भाषेत त्याला नाव आहे, पण त्या घरात ते नाव घ्यायला बंदी होती. त्याचं पाळण्यातलं नाव मला कागदपत्रं करताना कळलं, एरवी रिक्षावाले, मासळीवाल्या, शेजारी टॉवर बांधणारा बिल्डर, सगळे त्याला शेठच म्हणत. तसा बाईंचा हुकूम होता. आणखी एक कायदा होता. त्या घरात शेठला उद्देशून कुणी 'बिचारा' म्हटलं की म्हणणाऱ्याला शिक्षा होई. बाई सुक्या जवळ्याने भरलेलं ताट आणून समोर ठेवत. "बिचारा बोललास? बस. जवला नीट कर." जवळा म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी सुकी कोलंबी. तिच्यातून काड्या, कचरा, बारके खेकडे वेचून काढायचे. पाहुणा असो, नातेवाईक असो, निवडणुकीत मतं मागायला आलेला असो, ताट संपेपर्यंत सुटका नाही. मीसुद्धा पहिल्या महिन्यात दोनदा बसले आहे.

बाईंना पोराची तारीफ करायची भारी हौस. "शेठ सोता अंगोल करतो. शेठ सोता मावरा खातो. शेठ बाजाराला एकटा जातो, मोड बरोबर आनतो." मला तोवर माशाचा काटा काढता येत नव्हता. ताटात बांगडा पडला की मी बॉम्ब निकामी करणाऱ्या माणसासारखी वाकून बसे, आणि बाई उंबऱ्यातून म्हणत, "बग, शेठ कसा खातो बिनधास." शेठ खरोखरच बिनधास्त खायचा. माझ्यापेक्षा याला बरं जमतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

बाईंचे यजमान बंदरात सरकारी नोकरीला होते. ते वारल्यावर त्यांचं निवृत्तिवेतन बाईंना मिळे, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला त्या बँकेत जात. "मी जित्ती हाय ह्या सांगाला जातंय," असं म्हणून निघत. "मेलं तर सांगाला येन काय? आली नाय मंजे मेली, यवरा कलत नाय यांना?" एका वर्षी मी सोबत होते. काउंटरवरच्या माणसाने कागद बघता बघता विचारलं, घरी कोण कोण. मग म्हणाला, "मावशी, मुलगा कमावता नाही ना? मग तुमच्यामागे हे पेन्शन त्याला जन्मभर चालू राहू शकतं. पण तुम्ही आहात तोवर त्याचं नाव लावून घ्या. अपंगत्वाचा दाखला लागेल, चाळीस टक्क्यांच्या वरचा. बिचाऱ्याची सोय होईल."

"जवला घरी हाय, ये नीट कराला," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी काय समजावणार?

पनवेलहून आम्ही रिक्षाने घरी आलो. संध्याकाळी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तू कालेजच्या हपीसात हाय, तुना कागद कलतात. मना सांग, मी गेलं तर यो खाल काय?"

"घर आहे ना, मावशी."

"घर काय शिजवून खाल?"

जमीन संपादनात गेली होती, तिचे पैसे यजमानांच्या आजारपणात गेले होते. राहता राहिलं ते हे पेन्शन. बाई गेल्या की तेही थांबणार होतं, आणि ते थांबू नये याला एकच उपाय होता. मी विचारलं, इतक्या वर्षांत दाखला का नाही काढला? "पोराच्या नावावर सातबारा येत असता तर घेतला असता," बाई म्हणाल्या. "पोऱ्या कमी हाय असा कागद कनाला घेव?"

तरी अर्ज केला. ऑनलाइन होता, मी मोबाइलवर भरला. फोटो म्हणून बाईंनी एका लग्नातला काढून दिला. त्यात शेठने काळा गॉगल लावला होता आणि हातात आइस्क्रीम होतं. तो चालणार नाही म्हटल्यावर बाई माझ्यावर दोन दिवस रुसल्या. सहीच्या जागी शेठने एक एसटी काढली, चाकांसकट. मी म्हटलं अंगठा चालेल. शेठ म्हणाला, "अंगठा अडानी लोक देतात." शेवटी एसटीच गेली आणि आश्चर्य म्हणजे चालली.

तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी मी बाईंना नीट समजावून सांगितलं. तिथे हुशारी दाखवायला जायचं नाही, जे जमत नाही ते दाखवायला जायचं. टक्के असतात ते न जमण्याचे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कलला." मी विश्वास ठेवला.

सकाळी खाली उतरले तर शेठ नवरदेव होऊन उभा. सफारी, पांढरे बूट, नुकते कापलेले केस, कपाळाला टिळा, आणि अत्तर एवढं की गल्लीतलं कुत्रं शिंकलं.

"मावशी, हे काय?"

"चार परकी मानसं माज्या पोऱ्याला बगाला बसनार, आन मी त्याला गबाला नेव?"

एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी भाकरी आणि तळलेले बोंबील बांधून घेतले होते. व्हरांड्यात रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी जबरदस्तीने घास घास भरवला. "हपीसात उपाशी पोटी जाव नय. भुका मानूस खोटा बोलतो." हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. अर्ध्या तासाने जे झालं ते पोट भरलेलं असतानाच झालं.

आत डॉक्टर शेठसमोर बसले, बाई डॉक्टरांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. आज वार कोणता? बाईंचे ओठ हलले. "गुरवार," शेठ म्हणाला. पाच आणि तीन? डॉक्टरांच्या डोक्यावर आठ बोटं उभी राहिली. "आठ!" हिरवी वस्तू दाखव. बाईंनी पदराचा काठ चिमटीत धरला. शेठने तिकडेच बोट केलं, डॉक्टरांनी वळून पाहिलं तोवर बाई छताकडे बघत होत्या. प्रत्येक उत्तरानंतर शेठची छाती सफारीत थोडी फुगत होती. मी दाराशी उभी राहून हे बघत होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिटलं.

टक्के चाळीसच्या खाली आले. बाईंनी पेढे आणले. "बोललं नवतं मी? शेठ हुशार हाय." पेढा तोंडात असताना मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला. त्या उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या.

"मंजे हुशार हाय म्हनून उपाशी?"

"तसंच आहे ते. पण परत अर्ज करता येतो. फक्त या वेळी सांगावं लागेल, त्याला काय काय जमत नाही."

"त्याच्या देखत?"

"बहुतेक."

"मंग नको."

मी चिडले. मी चिडले की बोलते. म्हटलं, "मावशी, तुमचा मान मोठा की त्याचं पोट?"

"माजा मान?" बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तो आयकतो गो. त्याला समदा कलतो. लोकांनी बोललेला तो इसरतो, मी हाय ना. पन आयच बोलली याला येत नाय, तर मंग तो कोनाच्या जोरावर उबा रानार?"

मी जिना चढून वर गेले. त्या बाबतीत पुढे कितीतरी दिवस आम्ही बोललो नाही.

थंडीत बाईंच्या छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांची भाची तिथे त्यांच्याजवळ राहिली, शेठ माझ्याकडे. पहिल्या सकाळी मी त्याला पाणी काढून दिलं आणि निश्चिंत मनाने वर आवरायला गेले. शेठ सोता अंगोल करतो, हे मी किती वेळा ऐकलं होतं! तयार होऊन खाली आले तर न्हाणीघरात आवाज नाही. हाक मारली, दार ढकललं. शेठ अंगभर साबण लावून उभा होता. साबण वाळून पांढरा झाला होता, हातात रिकामा तांब्या, दात वाजत होते.

"पाणी का नाही घेतलंस रे?"

"आय बोलली नाय."

मी त्याला पाणी घे म्हटलं आणि त्याने घेतलं. त्याच्या दुपारच्या डब्यासाठी बांगडा तळला होता, तोच त्याला वाढला. शेठने तुकडा उचलला आणि काट्यासकट तोंडात घातला. मी बोट घालून बाहेर काढला तर तो रागावला नाही, नुसता काट्याकडे बघत राहिला. त्याच्या ताटातल्या माशाला कधी काटा नसायचाच.

बाई उभ्या का असत, ते मला त्या दिवशी कळलं. मी मोरीशी उभी राहून रडले आणि त्या दिवशी कॉलेजला गेले नाही.

बाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आता मला माहीत आहे." बाईंनी ते ओळखलं होतं. पुन्हा अर्ज करायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. "पोराच्या बाबतीत नाय हा शब्द मी बोलनार नाय." मी म्हटलं, नका बोलू.

दुसऱ्या खेपेला शेठ साध्या कपड्यांत होता. इस्त्री मात्र कडक होती, तिथे बाई ऐकल्या नाहीत. तपासायला एक तरुण मानसतज्ज्ञ बाई होत्या. मी त्यांना आधीच बाजूला घेऊन विनंती केली होती, की आईशी बोलायचं ते मुलासमोर नको. त्यांनी कारण विचारलं नाही. शेठला मदतनीस आतल्या खोलीत चित्रं आणि ठोकळे दाखवायला घेऊन गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. मालकीणबाई लगेच जाऊन त्या फटीशी उभ्या राहिल्या.

"मावशी, बसा ना."

"नाय, बरी हाय हितं."

"मुलगा अंघोळ स्वतः करतो?"

"सोता करतो."

"जेवतो?"

"सोता. मावरा पन."

"बाहेर जातो एकटा?"

"बाजाराला जातो. मोड बरोबर आनतो."

पेन चाललं होतं. झालं, मी मनात म्हटलं, पुन्हा पेढे. तेवढ्यात त्या तरुण बाईंनी मान वर केली. मालकीणबाईंचा एक डोळा प्रश्नाकडे होता, दुसरा दाराच्या फटीतून आत.

"मावशी, तुम्ही घरीपण अशाच दाराशी उभ्या असता का?"

"मंग?"

"तो अंघोळ करतो तेव्हा कुठे असता?"

"दारात."

"काय करता?"

"काय नाय. बोलतंय निस्ता. साबन लाव, आता पानी घे, आता पूस."

"आणि मासे खातो तेव्हा?"

"चुलीपाशी. काटं काडून देतंय."

"बाजारात जातो तेव्हा?"

मालकीणबाईंनी आत डोकावून पाहिलं. शेठ ठोकळ्यांत गढला होता. बाई दोन पावलं पुढे आल्या आणि आवाज अगदी खाली आणला. "खांबाच्या मागं. वान्याला आदीच सांगून ठेवतंय, मोड बरोबर दे. पन त्याला सांगू नका, बाय. त्याला वाटतंय तो एकटाच जातो."

"मग तुम्ही बसता कधी?"

हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नसावा. "तो निजल्यावर," त्या म्हणाल्या.

तरुण बाई बराच वेळ लिहीत होत्या. लिहून झाल्यावर उठल्या, आपली खुर्ची स्वतः उचलली, आतल्या दाराशी नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "इथे बसा. इथून दिसतो तो." आणि मालकीणबाई बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, फटीतून आत बघत. ती एकच वेळ.

दाखला मिळाला, चाळीसच्या चांगलाच वर. पेन्शनला शेठचं नाव लागलं, पालक म्हणून भाचीचं नाव लागलं. कार्यालयातून परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, "बगलास? मी 'नाय' बोललंच नाय." खरंच नव्हत्या बोलल्या.

पुढे मी खारघरला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले. बाईही गेल्या. झोपेतच गेल्या, आणि मला उगाच बरं वाटलं की पडून होत्या. पेन्शन आता शेठला येतं. भाची नवऱ्याला घेऊन त्या घरात राहायला आली आहे, स्वभावाने चांगली आहे, न्हाणीघराच्या दाराशी ती उभी राहते. मी अधूनमधून रविवारी जाते.

मागच्या खेपेला गेले तर तिचे हात भाकरीच्या पिठात होते. हळूच म्हणाली, "ताय, शेठ अंडी आनाला चाललाय. जरा जातेस मागनं? त्याला कलू देव नको."

मी गेले. शेठ हात पाठीमागे बांधून, गल्लीचा मालक असल्यासारखा चालला होता. मी खांबाआड उभी राहिले. शेठने अंडी घेतली, मोड घेतली, तळहातावर पसरून बघितली, खिशात टाकली. परत येताना तो खांबापाशी थांबला. माझ्याकडे न बघता, समोर बघत म्हणाला, "तुजी पर्स दिसते."

मी बाहेर आले. "तुला कसं कळलं रे?"

"आयचा पदर दिसाचा."

"रोज?"

"रोज."

"मग तिला कधी बोलला का नाहीस?"

शेठने अंड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिला वाटाचा मना ठाव नाय," तो म्हणाला. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "बिचारी."

घरी गेल्यावर भाचीकडून जवळ्याचं ताट मागून घेतलं आणि शेठच्या पुढ्यात ठेवलं. तो ताटाकडे बघून हसला, मांडी घालून बसला आणि काड्या वेचायला लागला. मीही त्याच्यासमोर बसले.